पाण्याच्या गोळ्या सध्या बंद

४ नोव्हेंबर, मंगळवार

बियाण्याची कंपनी आम्हा दुकानदारांना दरवर्षी जाड पुठ्ठ्याची डायरी देते आणि ती दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदा सारिकाने ती माझ्यापुढे आणून आपटली. "काय चिडायचं ते याच्यात चिडा. गिऱ्हाइकावर काढू नका, अन् माह्यावर त बिलकुल नाही." बायको शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही गृहपाठ देते. ठीक आहे, लिहितो.

आज आईला घेऊन संभाजीनगरला गेलो होतो. दिवाळीपासून तिच्या छातीवर दाब येतो. अंगणातून गोठ्यापर्यंत गेली तरी मध्ये थांबून खांब धरते. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, अँजिओग्राफी करावी लागेल. मनगटातून बारीक नळी घालायची, हृदयाच्या नसांत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडायचा आणि नस कुठे अडली आहे ते पडद्यावर बघायचं. मी म्हटलं, उद्याच करा.

मग त्यांनी जुनी फाईल उघडली. आईचं लिव्हर आकसलेलं आहे, पोटात पाणी होतं, त्यासाठी ती रोज लघवी जास्त व्हायच्या गोळ्या घेते. घरात आम्ही त्यांना पाण्याच्या गोळ्या म्हणतो. ते वाचून डॉक्टरांचा चेहराच बदलला. "अशा पेशंटला डायने किडनीला इजा होऊ शकते. आधी लिव्हरच्या डॉक्टरांचं मत आणा."

मत आणा! जसं काही ते बाजारात मिळतं. वर शेजारच्या बाकावरच्या माणसाने विचारलंच, "लिव्हर म्हणजे, घेत होत्या का?" माझ्या आईने, चांगुणाबाईने, उभ्या जन्मात दारूच्या बाटलीला हात लावला नाही. बापाची बाटली फोडायला लावला असेल तेवढाच. चरबीनेही लिव्हर खराब होतं हे मी किती लोकांना सांगत फिरू? आईच त्या माणसाला म्हणाली, "हाव बाबा, रोज घेतो. चहा."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिव्हरचे डॉक्टर म्हणाले, तपासणी केली तर चालेल, पण किडनीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. किडनीचे डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण छातीचं दुखणं अंगावर काढण्यातही धोका आहे, तेव्हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. तीन दारं झाली, फी तिन्हीकडे घेतली आणि बोट तिघांनीही दुसऱ्याकडे दाखवलं.

आईचा किडनीचा आकडा, त्याला क्रिएटिनिन म्हणतात, नॉर्मल आहे. मी तो कागद नाचवला. तर किडनीवाले शांतपणे म्हणतात, "लिव्हरच्या आजारात हा आकडा फसवतो. अंगावर मांस राहत नाही, म्हणून तो कमी दिसतो. किडनी दिसते तेवढी चांगली नसते." रिपोर्ट वाईट आला तर वाईट, चांगला आला तरी वाईट. मग तपासता कशाला? हे मी तोंडावर विचारलं. सारिकाने मागून माझा शर्ट ओढला.

९ नोव्हेंबर, रविवार

दयाराम मामा आला. आईचा धाकटा भाऊ. सोनाळ्याकडच्या कुण्या वैद्याकडून पुडी घेऊन आला होता. "एका म्हैन्यात लिव्हर नवं होते म्हन्ते तो. डागदरले काऊन पैसे देऊन राह्यला तू?"

मी पुडी त्याच्यासमोर नालीत टाकली. त्याला चांगलं सुनावलं की डॉक्टरने सांगितल्याशिवाय या घरात चिमूटभर काही द्यायचं नाही, तुमच्यासारख्या अर्धवट लोकांमुळेच पेशंट मरतात. मामा चहाही न पिता गेला. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. न बोलो. शिकलेल्या माणसाने घरात वाईटपणा घ्यावाच लागतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानात डोकं उठलं. मोतीराम आला, हातात तुरीचं करपलेलं झाड. "तुमच्या औषधानं तूर जाळली." विचारलं, याआधी पंपाने काय मारलं होतं? तर तणनाशक. पंप धुतला का? "धुतला की, एकडाव इसळला." एकदा विसळून तणनाशक जातं का? तळाला बसतं, नळीत बसतं, नोझलमध्ये बसतं. भरपूर पाणी आत घालून जोराने बाहेर काढायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा काढायचं, तेव्हा कुठे पंप साफ होतो. पंधरा वर्षं गळा फाडून सांगतोय. माणसं ऐकत नाहीत आणि मग माझ्या अंगावर येतात.

संध्याकाळी हॉस्पिटलचा फोन. गुरुवारी अँजिओग्राफी करायची ठरली आहे. पाण्याच्या गोळ्या आजपासून बंद करा म्हणाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झाली एकदाची. आईला आदल्या दिवशीच भरती केलं होतं. सलाइन हळूहळू लावलं. आई म्हणते, "दोन साल झाले, पानी कमी पे, पानी कमी पे करून राह्यले. आन् आता शिरीतून देऊन राह्यले. यायले तरी माहीत हाय का काय करून राह्यले त?" मला तिचं म्हणणं पटलं.

वॉर्डात योगिनी नावाच्या तरुण डॉक्टर आहेत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं: डाय अगदी कमी वापरला. हृदयाची एक मोठी नस बरीच अरुंद झाली आहे, ती उघडावी लागेल, पण त्यासाठी पुन्हा डाय द्यावा लागेल, म्हणून आधी किडनी ठीक राहते का ते बघायचं. सोमवारी रक्त तपासा. तोवर पाण्याच्या गोळ्या सध्या बंद, दुखण्याच्या गोळ्या बंद, तहान लागेल तसं पाणी द्या. बोलता बोलता त्यांना दोनदा फोन आला. माझ्या मागे इतर पेशंटचे दहा नातेवाईक उभे. मी विचारणार होतो की डाय आतून बाहेर कसा पडतो. त्या जाता जाता म्हणाल्या, "लघवीवाटे जातो, काळजी करू नका."

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल घरी आणलं. आज सकाळी बघतो तर आईचे पाय सुजलेले. बोट दाबलं तर खड्डा पडतो. पोटही ताणलेलं वाटलं. लघवी किती झाली विचारलं तर म्हणाली, "झाली थोडी. तू आता तेबी मोजशीन काय?"

हॉस्पिटलला फोन लावला. आपण रांगेत आहात. गाणं. आपण रांगेत आहात. पुन्हा लावला तर एका पोरीने उचलला आणि म्हणाली, पेशंटला घेऊन या. एवढ्या लांब, छातीच्या पेशंटला, सुजलेले पाय दाखवायला? डॉक्टर योगिनींना द्या म्हटलं तर त्या सुट्टीवर. कुणालाच काही पडलेली नाही.

मग मी डोकं चालवलं. डाय लघवीवाटे जातो हे त्यांनीच सांगितलं. लघवी होत नाही. म्हणजे डाय आत बसून आहे, किडनीच्या नळ्यांत. आणि हे म्हणतात लघवीची गोळी बंद! तणनाशक पंपात ठेवून झोपायला सांगण्यातला प्रकार. गोळी तपासणीच्या आधी बंद करायची हे मला समजू शकतं. डाय देऊन झाल्यावर बंद ठेवण्यात काय अर्थ? पोरीटोरी डॉक्टर पाठ केलेलं बोलतात.

आईला गोळी दिली. इतके दिवस चुकली होती म्हणून दोन दिल्या. ती म्हणाली, "बंद हाय म्हने ना ते?" मी म्हटलं, "मी फोन केला होता." आणि केला होताच. उचलला नाही ही त्यांची चूक.

सारिका शाळेतून आल्यावर तिनेही विचारलं, डॉक्टरांशी बोलणं झालं का? हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लघवी मोकळी झाली! काल संध्याकाळपासून आईच्या फेऱ्या चालू आहेत. पायांची सूज जवळजवळ उतरली. आज पुन्हा दोन दिल्या, म्हणजे उरलंसुरलंही निघून जाईल. पहिल्यांदा या सगळ्या भानगडीत काहीतरी माझ्या हाताने नीट झालं असं वाटतंय.

अंग हलकं झाल्याने तिला थकवा आहे. उठताना भोवळ आली, सारिकाने धरलं. तोंड कोरडं पडतं म्हणते, सारखं पाणी मागते. अर्ध्या ग्लासाच्या वर दिलं नाही. मोठ्या कष्टाने काढलेलं पाणी पुन्हा पोटात साठायला नको.

१७ नोव्हेंबर, सोमवार

किडनीचा आकडा दुपटीच्या वर गेला आहे. रिपोर्ट बघून लॅबवाल्यानेच म्हटलं, लगेच घेऊन जा.

आई सकाळपासून गुंगीत होती. नाव विचारलं तर थोड्या वेळाने सांगायची. गाडीत तिचं डोकं सारिकाच्या मांडीवर होतं आणि मी पुढच्या सीटवर बसून भांडणाची वाक्यं जुळवत होतो. पोचल्यावर सगळी ऐकवली. तुमच्या डायने माझ्या आईची किडनी घालवली, तुम्हाला माहीत होतं तरी दिला, आमच्यासारख्यांच्या जिवाची किंमत काय तुम्हाला! लोक जमले. सुरक्षारक्षक आला.

डॉक्टर योगिनींनी आईची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, बीपी घेतलं आणि विचारलं, "पाण्याच्या गोळ्या बंद होत्या ना?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण स्ट्रेचरवरून आई बोलली. डोळे मिटलेले, आवाज खोल गेलेला. "म्या घेतली. एक. पाय सुजले व्हते म्हनून."

"आजी! मुलाने सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"सांगतलं व्हतं त्यानं. मीच नाही ऐकलं."

"आजी, एवढा शिकलेला मुलगा आहे तुमचा. त्याचं ऐकत जा."

त्या माझ्याकडे बघून थोडं हसल्या, सहानुभूतीने. मी मान हलवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल काही लिहिलं नाही. सलाइन चालू आहे, अल्ब्युमिन नावाचं महागडं औषधही शिरेतून चालू आहे. आईला आज नीट शुद्ध आहे. सारिका डबा आणायला खाली गेली तेव्हा मी विचारलं, "आई, तू खोटं काऊन बोलली?"

मला वाटलं होतं ती म्हणेल, लेकरासाठी. तसं म्हणाली असती तर मी रडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

ती म्हणाली, "मले रागावले त काय होते? म्हतारी हाय, ऐकून घेतो. तुले बोलले असते त तू त्यायच्या अंगावर गेला असता. आधीच सारं गाव गोळा करून ठेवलं व्हतं तू. मले यायच्याच हातानं बरं व्हायचं हाय ना बाबा. तू भांडून घरी जाशीन, मी कोठी जाऊ?"

तिला पाणी दिलं. ती पूर्ण ग्लास प्याली आणि अजून मागितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आकडा आणखी थोडा वाढला. मोठे डॉक्टर राऊंडला आले. त्यांनी डॉक्टर योगिनींना आमच्यासमोरच विचारलं, "एक गोळी घेतली होती म्हणता? एका गोळीने एवढं होत नाही. म्हणजे डायच सोसला नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा राग मी समजू शकतो. एवढ्या कमी डायने हे झालं असेल तर पुन्हा देण्याची जोखीम आम्ही घेणार नाही. नस उघडायचा विचार सोडून द्यावा लागेल. औषधांवर ठेवू. चालणं-फिरणं बेताचं करा."

आईने विचारलं, "म्हंजे नस तशीच राहीन?"

"हो आजी."

"आन् दुखनं?"

"गोळ्यांनी थोडं कमी होईल."

ते गेल्यावर आई सारिकाला म्हणाली, "वावरात त नाही म्हनत मी. पन दारापोतर त जाता आलं पायजे ना माय. आंगनात कोन झाडीन?" घाबरली होती. माझ्या आईला मी घाबरलेलं पाहिलेलं नाही. बापाच्या काठीपुढे ती घाबरली नाही.

मी पूर्ण दिवस जिन्यात बसून काढला. डाय दोषी ठरला होता. मी सोमवारी ओरडून ओरडून हेच म्हणत होतो आणि आता सगळ्यांनी ते मान्य केलं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

आधी सारिकाला सांगितलं. ती म्हणाली, "मले काय सांगता? वर जा."

डॉक्टर योगिनी टेबलाशी काही लिहीत होत्या. मी म्हटलं, गोळ्या आईने घेतल्या नाहीत, मी दिल्या. त्यांनी पेन तसाच धरून विचारलं, "किती?"

शनिवारी दोन, रविवारी दोन.

"आणि पाणी किती पीत होत्या?"

मागत होती, मी देत नव्हतो, असं सांगितलं. का, तेही सांगायला लागलो. पंप, तणनाशक, जोराने बाहेर काढायचं. सांगता सांगता माझ्याच कानाला ते कसंतरी लागायला लागलं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

"साहेब, पंप पाण्याने धुतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोरडा करून धुतला. किडनीला रक्त पोचायला अंगात पाणी लागतं. लिव्हरच्या पेशंटच्या पोटात पाणी दिसतं, पण नसांत ते कमीच असतं. तेच तुम्ही काढून घेतलं."

त्या रागावल्या नाहीत. रागावायला हवं होतं, मला त्याची सवय आहे. त्यांनी सगळं लिहून घेतलं, फोन उचलला आणि मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. मग मला म्हणाल्या, "हे सोमवारीच कळलं असतं तर चार दिवस औषधाचा अंदाज बांधण्यात गेले नसते. आता किडनी सावरते का बघू. सावरली, तर नस उघडण्याबद्दल पुन्हा विचारते."

माझ्याबरोबर त्या आईच्या कॉटपाशी आल्या. "आजी, मी तुमच्यावर उगाच रागावले."

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. "सांगतलं काय यानं?" आणि लगेच त्यांना विचारलं, "भांडला त नाही ना तुमच्याशी?"

२९ नोव्हेंबर, शनिवार

आकडा उतरला. पूर्वीच्या जागी नाही, पण जवळपास. यावेळी कागद कुणापुढे नाचवला नाही.

नस उघडायची असं तिघा डॉक्टरांनी मिळून ठरवलं आहे. यावेळी ते एकमेकांशी बोलले, की आधीही बोलत होते आणि मलाच दिसलं नव्हतं, कोण जाणे. पुढच्या शुक्रवारी. डाय जमेल तितका कमी, सलाइन आधी आणि नंतरही, आणि तीच सूचना: रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत पाण्याच्या गोळ्या बंद.

आईने अट घातली. सोबत सारिका राहील, मी नाही. "तू दुकान पाह्य. तुह्या हाताले धीर नाही."

मी म्हटलं, मी काही करणार नाही, नुसता बसेन. ती म्हणाली, "तुले बसता येते काय?"

वाईट वाटलं. खूप वाटलं. दयाराम मामाला फोन केला. त्याने "बोल" म्हटलं आणि मी पुडीचा विषय काढायच्या आत तोच म्हणाला, ताईला रक्त लागलं तर सांग, येतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

झालं म्हणे. सारिकाचा फोन आला. नस उघडली, आई बोलते आहे, भूक लागली म्हणते. मी विचारलं, लघवी झाली का? मागून आईचा आवाज आला, "फोन ठेव म्हना त्याले."

दुकानात गर्दी होती. एक जण हरभऱ्याच्या मर रोगावर काय मारू विचारत होता. दोन मिनिटं मला औषधाचं नाव आठवेना.

७ डिसेंबर, रविवार

सारिका सांगते, पायांना थोडी सूज आहे.

मी तिला फोनवर काय काय सांगितलं ते लिहीत नाही. ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बघितलं, थांबा म्हणाले. मी म्हटलं, नुसतं थांबा? ती म्हणाली, हो. मी एसटी स्टँडपर्यंत गेलो. संभाजीनगरची गाडी लागलेली होती. तिथून परत आलो.

९ डिसेंबर, मंगळवार

किडनीचा आकडा हललेला नाही. डॉक्टर योगिनी म्हणाल्या, आजी चांगल्या आहेत, पाण्याच्या गोळ्या उद्यापासून कमी मात्रेत सुरू करू, परवा घरी. सकाळी आई वॉर्डाच्या दारापर्यंत चालत गेली आणि मध्ये थांबली नाही.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा ती झोपली होती. सारिका स्टुलावर बसलेली, केस विस्कटलेले, मांडीवर शाळेच्या वह्यांचा गठ्ठा. मी हळू आवाजात विचारलं, सूज आली तेव्हा काय केलंस?

"काही नाही."

"म्हणजे? काहीतरी केलं असशील ना? एवढे दिवस तू काय करत होतीस?"

तिने वही मिटली. "आईपाशी बसले होते," सारिका म्हणाली.